आईच्या वहीतले कोरे पान

आईचे दिवसकार्य आटोपल्यावर स्वयंपाकघरातील फडताळात तिची वही सापडली. वाणसामानाच्या यादीसाठी घेतलेली ती साधी वही. बाबांची रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, मधुमेहाची जेवणाआधी, नातीच्या दम्याचा पंप कधी संपेल, धाकट्या भावाचे डोळे कधी तपासायचे, हे सारे तिने आपल्या वळणदार अक्षरांत टिपून ठेवले होते. मी ती वही दोनदा चाळली. आईच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी तीत एकही ओळ नव्हती.

गेली अठ्ठावीस वर्षे मी वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. रोज परक्यांचा रक्तदाब मोजणाऱ्या या हातांनी आईचा रक्तदाब अखेरचा कधी मोजला, हे मला आठवेना. जिना चढताना तिला धाप लागे. "वय झालं रे आता," असे म्हणून ती पुन्हा ओट्याकडे वळे आणि मीही ते मान्य करून दवाखान्यात निघून जाई. शेवटच्या महिन्यात तिची पाठ दुखत असे, दुपारी ती गळून जाई. हृदयविकारात छातीतील वेदना हे स्त्री-पुरुष दोघांमध्येही प्रमुख लक्षण असते. परंतु स्त्रियांमध्ये धाप, विलक्षण थकवा, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे ही लक्षणे तुलनेने अधिक आढळतात. हे मी रुग्णांना कित्येकदा सांगितले आहे. घरात मात्र ते मला दिसले नाही.

आई गेली आणि बाबांचे बावन्न वर्षांचे सहजीवन संपले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एके दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली आणि दुसऱ्या दिवशी घेतलीच नाही. चार वाजताचा चहा ते दोन कपांत ओतत आणि आपलाही कप तसाच निवू देत. इंग्लंड व वेल्समधील पंचावन्न वर्षांवरील 4,486 विधुरांचा एक अभ्यास 1969 साली प्रसिद्ध झाला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आढळले. शोकाने झोप उडते, अन्नावरची वासना जाते, शरीरावर ताण येतो. आणि औषधांची आठवण करून देणारे माणूसच उरलेले नसते.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. सात दिवसांच्या खणांची डबी आणून दर रविवारी बाबांसमवेत गोळ्या भरू लागलो. एक वेळचे जेवण तरी कुणाच्या सोबतीने व्हावे, असा नेम केला. दर आठवड्याला वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर पाहू लागलो. संध्याकाळच्या फेरफटक्याला शेजारचे काका त्यांना हाक मारू लागले.

सर्वांत कठीण होते ते आईविषयी बोलणे. बाबांना त्रास होईल म्हणून आम्ही तिचे नाव टाळत होतो. एके दिवशी तेच म्हणाले, "अरे, ती या घरात राहत होती ना?" त्यानंतर आम्ही टाळणे सोडले. मुलीने आजीच्या तीन सुती पातळांची गोधडी शिवून घेतली. कोणते पातळ कोणत्या प्रसंगाचे, हे बाबांनी तिला सांगितले. सांगताना ते रडले आणि त्या रात्री पोटभर जेवले. शोकाकुल माणसाला "रडू नका" असे सांगण्यापेक्षा "त्यांच्याविषयी सांगा ना" असे म्हणणे अधिक हिताचे असते.

दुःखाला ठरावीक मुदत नसते. तरीही सहा महिने उलटल्यावर शोकाची तीव्रता जराही कमी झाली नसेल, नित्याचे व्यवहार ठप्प असतील, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचे उद्गार ऐकू आले, तर सहा महिनेही थांबू नये. तत्काळ मदत मिळवावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो, तर ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनी आहे.

आता घरातील औषधपाण्याचा भार माझ्या पत्नीने उचलला आहे. तीही तीच वही वापरते. परवा मी वही उघडली, तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर मुलीच्या अक्षरांत शीर्षक होते – "आई". त्याखाली रक्तदाबाचा आकडा, डोळे तपासल्याची तारीख आणि पुढच्या रक्ततपासणीचा वार लिहिलेला होता.

वाचकहो, आपल्या घरातही सर्वांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असणारे एक माणूस असेल. आज त्या माणसाचा रक्तदाब मोजा.