ओळखण्यातली चूक

२०२५ च्या जानेवारीत आपल्यापैकी किती घरांतून पुण्याला फोन गेले असतील! कुणाची लेक सिंहगड रस्त्याला, कुणाचा भाचा धायरीत. 'पाणी उकळून पिता ना?' एवढेच सगळे विचारत होते. त्या भागात जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांतच माणसांच्या पायांतले बळ जात होते. रोग गियाँ-बारे, वर्तमानपत्रांतला जीबीएस. रुग्ण पुढे दोनशेवर गेले.

बिघाड पोटाचा, मग पाय का लुळे पडावेत?

पुण्यातल्या अनेक रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. अशा जंतूशी लढायला शरीर प्रतिपिंडे तयार करते. ही रक्तात फिरणारी प्रथिने. ती अख्खा शत्रू ओळखत नाहीत, त्याच्या अंगावरची एखादी खूण ओळखून तिला चिकटतात. घोटाळा इथेच होतो. या जंतूच्या काही वाणांवरची शर्करेची साखळी आपल्या मज्जातंतूंवरील जीएम-१ या घटकासारखीच असते. जपानच्या नोबुहिरो युकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे साम्य दाखवून दिले. जंतूसाठी घडवलेले प्रतिपिंड मग मज्जातंतूला चिकटते, त्यामागून रक्तातली आणखी प्रथिने येऊन तिथे इजा करतात आणि मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही. लुळेपणा बहुधा पायांकडून वर चढतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेला तर कृत्रिम श्वास द्यावा लागतो.

याला कुणी शरीराची फितुरी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. फितूर जाणूनबुजून होतो. प्रतिपिंड आपले नेमून दिलेले कामच करत असते.

उपचार दोन. रक्तातला द्रव बदलून त्यातली प्रतिपिंडे काढून टाकायची. नाहीतर हजारो निरोगी दात्यांच्या रक्तातून गोळा केलेली प्रतिपिंडे शिरेतून द्यायची. म्हणजे प्रतिपिंडांवर प्रतिपिंडांचाच उतारा! दोन्हींचा उपयोग लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, केला तर अधिक. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण महिने जातात.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा शेजाऱ्याला घाबरू नका. जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, तर मात्र 'वात असेल' म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. डॉक्टर गुडघ्याखाली हलकेच हातोडी मारतील आणि पाय उडतो का ते पाहतील.