पार्काच्या पाच फेऱ्या आणि कळसूबाईचे अडीचशे मजले

"आम्ही रोज पार्काला पाच राउंड मारतो. कळसूबाई काय, सहज होईल!"

थंडी पडली, ट्रेकची नावनोंदणी सुरू झाली की हे वाक्य ऐकावं लागतंच. दादरकर शिवाजी पार्क सांगतात, गिरगावकर मरीन ड्राइव्ह, लालबाग-परळकर राणीबाग. दावा एकच. रोज चालता, उत्तम. हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला त्याचा फायदा होतो, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण त्या 'सहज'शी आहे.

जरा हिशेब करू. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी साधारण 1.2 किलोमीटर. पाच फेऱ्यांचे झाले 6 किलोमीटर, चढ शून्य. कळसूबाई 1646 मीटर उंच. बारी गावातून निघालात तर 800 मीटरहून जास्त चढायचं. मजल्याला 3 मीटर धरा, म्हणजे अडीचशेहून जास्त मजले! विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा ठोकताळा आजही वापरतात: सपाटीला ताशी 5 किलोमीटर, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे नुसत्या चढापायी सव्वा तासाहून जास्त, तोही दम न खाता.

पण खरी गोम चढात नाही, उतारात आहे. चढताना धाप लागते, माणूस थांबतो, पाणी पितो, पुन्हा निघतो. उतरताना दम शाबूत असतो आणि पाय दगा देतात. असेच एक पाच राउंडवाले काका शिखरावर सगळ्यांच्या आधी पोहोचले होते. परतताना वाटेवरच्या शिडीखाली त्यांच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. पुढचा टप्पा ते तोंड डोंगराकडे करून एकेक पायरी उतरले. "रोज चालतो हो मी," हे पालुपद चालूच. काका, पार्कात उतार कुठे आहे? तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. मग सोमवारी-मंगळवारी दादरचा ब्रिज कठडा धरून उतरावा लागतो. त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडला देऊ नका. ते तास-दीड तासात ओसरलेलं असतं. गुडघ्याचं म्हणाल, तर बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यात संवेदक बसवून 2010 मध्ये भार मोजला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.6 पट भरला, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. स्नायू थकले की हे धक्के झेलायला कोणी उरत नाही.

सुदैवाने हा स्नायू लवकर शिकतो. उताराचा एकदा सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तो बराच कमी दुखतो. सरावाला लांब जायला नको, चाळीचा जिना आहे. आठवड्यातून दोनदा, तीन मजले वर-खाली. तीन खेपांपासून दहापर्यंत हळूहळू वाढवा. टॉवरमध्ये राहायला गेलेली मंडळी हौसेने जिना चढतात आणि लिफ्टने उतरतात. निम्मा सराव तिथेच बुडतो! गिरगावकरांना चौपाटीवरून हँगिंग गार्डनचा चढ-उतार आहेच. दोन महिन्यांनी कान्हेरी, मग कर्नाळा, मग कळसूबाई. गुडघेदुखी, हृदयविकार, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

रोज 10,000 पावलं हवीतच. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. वयस्कर स्त्रियांच्या 2019 मधल्या अमेरिकी अभ्यासात मृत्यूचा धोका सुमारे 7,500 पावलांपर्यंत कमी होत गेला, पुढे फारसा फरक दिसला नाही.

जिन्याने काय होतंय? 1953 मध्ये जेरी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या डबलडेकर बसवर अभ्यास केला. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळला.

पहिला ट्रेक पावसातच. निसरडा कातळ आणि वाटेवर जत्रा. नवख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं.

महागडे बूट हवेत. तळ झिजलेले नसावेत, एवढं आधी बघा.

लीडर आहे, मग काळजी कसली? लीडर वाट दाखवतो, पाय तुमचेच असतात. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांची नोंदणी आवश्यक आहे. ती विचारा, प्रथमोपचार कोणाला येतो तेही विचारा.

आणि नाव देण्याआधी एका रविवारी चाळीचा जिना दहा वेळा उतरून बघा. सोमवारी मांड्या बोलल्या, तर आधी सराव, कळसूबाई नंतर.