उपटलेल्या गोळीची पुंगळी

काडतूस म्हटलं की आपल्याला गोळीच आठवते. खरं म्हणजे त्यात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. अमेरिकेत नेमबाजीचे आणि शिकारीचे बरेच शौकीन काडतुसं घरीच भरतात. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, हे आधीच सांगून ठेवतो.)

भरताना कधी शंका येते, दारू दोनदा तर पडली नाही ना? असं काडतूस झाडलं, तर बंदूक हातातच फुटू शकते. मग गोळी उपटून काढायची. हातोड्यासारख्या पोकळ अवजारात काडतूस अडकवून ते ठोकलं, की गोळी आपल्याच वजनाच्या झटक्यानं निसटते. शंकेची दारू टाकूनच द्यायची. उरते पुंगळी.

ती झाडलेली नाही, त्यामुळे फुगलेली नाही. म्हणजे नवीच की, असं आपण म्हणू. पण तिची टोपी अजून जिवंत असते. पुंगळी पुन्हा साच्यातून काढायची, तर जुनी टोपी ढकलणारी साच्यातली सळई आधी काढून ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट मानेची. पुंगळीची मान गोळीपेक्षा किंचित अरुंद असते. गोळी शिरताना ती ताणली जाते आणि त्या ताणानंच गोळीला धरून ठेवते. गोळी उपटल्यावर मान पूर्ववत होतेच असं नाही. नवी गोळी बोटाच्या दाबानं आत गेली, तर पकड सुटली म्हणायची. अशी ढिली गोळी बंदुकीत भरताना धक्क्यानं आत सरकते, दारूची जागा आक्रसते आणि झाडताना दाब वाढतो. म्हणून मान साच्यात पुन्हा आवळतात.

पण पितळ असं किती वेळा ताणायचं आणि आवळायचं? पुण्यातल्या तांबट आळीत कुणालाही विचारा. ठोकून ठोकून धातू कडक होतो, मग तो तापवून मऊ करावा लागतो. पुंगळीचंही तेच, फक्त तापवायची ती मान. बुड मऊ पडलं तर ते दाब झेलणार नाही.

या ताणाची एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात लष्कराची काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत आणि पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. पावसाळा संपला, की हा प्रकारही थांबे. इंग्रजीत त्याला नावच पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. उलगडा झाला १९२१ साली. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, अशी तिघांची ही करणी होती. पितळ चकचकीत करणाऱ्या, अमोनिया असलेल्या पॉलिशनं पुंगळ्या घासू नका, असं हे शौकीन एकमेकांना बजावतात ते याचमुळे.