कंबरदुखी आणि मसाजचे मशीन : पैसे मोजण्याआधी हे तपासा

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. हल्ली तिथे येणाऱ्या भगिनी हात पुढे करण्याआधी मोबाईल पुढे करतात. "सिस्टर, कंबर फार धरते. हे मशीन घेऊ का? हप्त्याने मिळतंय." मोबाईलवर जाहिरात चालू असते : रोज पंधरा मिनिटे लावा, मणक्याचा आजार मुळापासून घालवा.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या वस्तीतल्या कंबरा कामाने झिजलेल्या आहेत. कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी बांधकामावर घमेली वाहते, कोणी पहाटेपासून रस्ते झाडते, कोणी दिवसभर रिक्षा चालवतो. दुखते म्हणून घरी बसले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा घरातले दोन हजार रुपये म्हणजे महिन्याचा किराणा. म्हणून ते कुठे घालायचे, हे नीट समजून ठरवू या.

मशीन काय करते?

कष्टाने किंवा एकाच जागी बसल्याने पाठीचे स्नायू आखडतात. ते चोळले, दाबले किंवा थरथरवले की सैल पडतात आणि मेंदूला दुखण्याऐवजी चोळल्याची जाणीव जास्त पोहोचते. त्यामुळे बरे वाटते. हा आराम खरा असतो, पण तो काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा. मशीनने सरकलेली गादी जागेवर जात नाही, दबलेली नस सुटत नाही, झिजलेला मणका भरून येत नाही. तसे सांगणारा विक्रेता खोटे बोलतो.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याची नीट समज आणि मसाज यांना जागा आहे. कंबरेला आधाराचा पट्टा बांधणे, वजन लावून ओढणे किंवा झटके देणारे टेन्स मशीन यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असे त्यात म्हटले आहे. दुकानात मात्र याच वस्तू पुढे मांडलेल्या असतात.

आधी ही लक्षणे बघा

आमच्याकडे साखर तपासायला आलेल्या एका भगिनीची गोष्ट सांगतो. बांधकामावर काम करणारी, वय पस्तिशीचे. तीन महिने ती रोज रात्री कंबरेला थरथरणारा पट्टा लावत होती. तेवढ्यापुरते बरे वाटे, पण पहाटे दुखण्याने जाग येई. सहज विचारले तेव्हा कळले, संध्याकाळी बारीक ताप येतो, कपडे सैल झाले आहेत, भूक मेली आहे. सरकारी रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि मणक्याचा क्षयरोग निघाला. वर्षभराहून अधिक काळ गोळ्या घेतल्या, आज ती चालते-फिरते आहे. मशीनने तिला आजार दिला नाही, पण तीन महिने तो झाकून ठेवला. आणखी उशीर झाला असता तर पाय लुळे पडण्याची भीती होती.

म्हणून पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल तर मशीनचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा :

• संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे.
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे.
• पायातली ताकद कमी होणे, पाऊल ओढत चालणे.
• सहा आठवडे उलटूनही न थांबणारे दुखणे.

लघवी अडली किंवा कळत-नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पैशाची काळजी वाटत असेल तर लक्षात ठेवा : महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. क्षयरोगाच्या गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होण्याची योजना आहे.

कोणी मशीन लावू नये?

गरोदर भगिनींनी पोटावर आणि कंबरेवर मशीन लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायाच्या शिरेत गाठ झाली असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हृदयात पेसमेकर बसवला असेल तर झटके देणारे मशीन अजिबात नको. जखम, पुरळ किंवा सूज असलेल्या जागी नको. मधुमेहाने कातडी बधिर झाली असेल तर शेक देणारे मशीन चटका देते आणि तो कळतही नाही.

घ्यायचेच असेल तर

आधी स्वस्तातला उपाय दोन आठवडे करून बघा. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेका. पोरांचा टेनिसचा चेंडू मोज्यात घालून पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरा आणि हळूहळू वर-खाली व्हा. दुखरी जागा सापडली की अर्धा मिनिट तिथे दाब द्या. अनेकांचे काम एवढ्यावर भागते.

तरीही मशीन हवे असेल तर दुकानात या गोष्टी पाहा :

१. हात पोहोचतो का? हातात धरायचे मशीन लांब दांड्याचे आणि हलके हवे. मसाज गन जड असते. मागून लावून देणारे कोणी नसेल तर ती कपाटातच पडून राहते.

२. वेग कमी-जास्त होतो का? फक्त जोरात ठोकणारे मशीन घेऊ नका.

३. आपोआप बंद होते का? पाठीखाली ठेवायची उशी किंवा पट्टा असेल तर हे फार महत्त्वाचे. दमलेला माणूस त्यावरच झोपी जातो.

४. वायर, पिन, चार्जर धड आहे का? आयएसआय खूण बघा. ढिल्या बोर्डवर किंवा ओल्या हाताने लावू नका. चार्जिंगला रात्रभर ठेवू नका.

५. पक्के बिल आणि गॅरंटी कार्ड मिळते का? फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते.

साधे हातात धरायचे मशीन हजार-दोन हजारांत मिळते. त्यापुढे जाण्याची गरज नाही. मसाजच्या खुर्चीच्या नादी लागू नका. आणि मशीनसाठी हप्ता किंवा बचत गटाचे कर्ज काढू नका. दुखणे चार तासांनी परत येते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

लावायचे कसे?

मणक्याच्या हाडावर मशीन कधीच टेकवू नका. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर, कपड्यावरून, सर्वांत कमी वेगाने लावा. एका जागी एक-दोन मिनिटे, सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मुंग्या आल्या किंवा कळ पायात उतरली तर लगेच थांबा. नंतर लगेच आडवे होऊ नका. आराम पडला आहे तोवर दहा मिनिटे चाला. मग उताणे झोपून एकेक गुडघा छातीशी घ्या, दहा वेळा. दुखणे कमी करते ते हे चालणे-फिरणेच. मशीन फक्त त्यासाठी वाट मोकळी करून देते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ ऐकीव आहे म्हणून काही खरे मानू नका. मोबाईलवरच्या जाहिरातीलाही हीच कसोटी लावा.

आणखी एक आठवण. उतारवयात खुद्द तथागतांची पाठ दुखत असे. दीघनिकायातल्या संगीति सुत्तात नोंद आहे : पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात असताना पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी भिक्खूंना पुढचा उपदेश करण्याचे काम सारिपुत्तांवर सोपवले आणि स्वतः आडवे झाले. त्यांनी कोणताही चमत्कार केला नाही. दुखते आहे हे मोकळेपणाने सांगितले आणि काम दुसऱ्याच्या हाती दिले.

आपल्या घरांत हे घडते का? दिवसभर घमेली वाहून आलेली बाई रात्री पाण्याचा हंडाही उचलते आणि घरात धडधाकट मुलगा मोबाईल बघत बसलेला असतो. तो हंडा त्याने उचलला, मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशा भरल्या, धुणे ओणव्याने न धुता पाटावर बसून धुतले, तर तिच्या कंबरेला जो आराम मिळेल तो दोन हजारांच्या मशीनने मिळणार नाही. या उपायाला वीज लागत नाही. आजपासून सुरू करता येतो.

जय भीम!