पहिला सामना शाहू स्टेडियमवर

मुलांना पहिला फुटबॉल सामना दाखवायला कुठे न्यावं, असं पुण्या-मुंबईतले आईबाप हल्ली बरेचदा विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधेरीचं क्रीडासंकुल असतं, नाहीतर मडगावचं फातोर्डा. दोन्ही ठिकाणी खुर्च्या चांगल्या आहेत, दिव्यांचा झगमगाट आहे, आणि मोठ्या पडद्यावर गोल पुन्हा दाखवतात. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे. शुक्रवारी रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा, किंवा शनिवारी पहाटे पुण्याहून गाडी काढा, आणि मुलाला कोल्हापूरला न्या.

मोठे सामने आपली मुलं टीव्हीवर बघतच असतात. मेस्सी आणि एम्बाप्पे त्यांना घरच्यासारखे ओळखीचे झालेत. मोठ्या स्टेडियमात त्यांना तेच लांबून आणि लहान आकारात दिसतं. राजर्षी शाहू स्टेडियमवर जे दिसतं ते कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. तिथे खेळणारा मुलगा आणि त्याच्या नावाने ओरडणारा माणूस एकाच गल्लीत राहतात. काल संध्याकाळी दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतलेला असतो. खेळ कुणाचा असतो, हे मुलाला तिथे न सांगता कळतं, आणि ते त्याला सगळ्यात आधी कळावं असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो तालमींमुळे. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतून तालमी वाढल्या. तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नाही. पेठेतल्या पोरांनी संध्याकाळी जमायचं, गणपती बसवायचा, कुणाच्या घरी अडचण आली तर धावून जायचं, असं ते ठिकाण. फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळे क्लब शोधावे लागले नाहीत. तालमींनीच संघ उभे केले. म्हणून येथल्या संघांची नावं ऐकली की शहराचा नकाशा डोळ्यांपुढे येतो: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. प्रॅक्टिस क्लबसारखी जुनी नावंही त्यांत आहेत. हा सगळा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, 1940 पासून बघते. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी जुना संबंध आहे. वरच्या गटात सोळा संघ असतात. दिवाळी सरली की खेळाडूंच्या नोंदणीची चर्चा सुरू होते. कोण कुठल्या तालमीकडून सही करतो यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद झडतात. त्यानंतर लीग, मग वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा, असा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

मुलाचं वय किती असावं? सहा-सातच्या आत नेऊ नये, असं माझं मत आहे. मूल कंटाळेल ही भीती नसते. गर्दीचा आवाज फार असतो, आणि तो अंगावर येतो. आम्ही धाकटीला नेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि तरीही पहिल्या गोलाला ती दचकून माझ्या दंडाला चिकटली. आवाज आधी मुलाला कळू द्यावा. सामना सुरू व्हायच्या बऱ्याच आधी जाऊन बसलं की हलगी हळूहळू तापते, शिट्ट्या वाढतात, गॅलरी भरत जाते आणि त्याबरोबर मुलाचा कानही सरावतो. उशिरा पोहोचून एकदम भरल्या गर्दीत मूल घुसवलं तर त्याचा पहिला अर्धा तास भेदरण्यातच जातो.

बरेचदा एका दिवशी दोन सामने असतात, एक दुपारी आणि दुसरा चारच्या सुमारास. पहिल्या खेपेला दुसराच निवडावा. फेब्रुवारी उलटला की कोल्हापूरचं दुपारचं ऊन लहान मुलाला सोसत नाही, आणि गॅलरीत सगळीकडे सावली मिळत नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ सोबत ठेवा. वेळापत्रक वर्तमानपत्रांच्या कोल्हापूर आवृत्तीत छापून येतं. रिक्षावाल्याला विचारलं तरी तो सांगतो, वर कोण जिंकणार तेही सांगतो. दोन तगड्या तालमींमधला सामना असेल तर गर्दी फार होते. मुलाच्या पहिल्या वेळेसाठी मधल्या फळीतल्या संघांची लढत बरी. बसायला जागा मिळते, आणि ईर्ष्या तितकीच असते.

बसायचं कुठे, याचा विचार मी बऱ्याच बारकाईने करतो. मोठ्या माणसांना मधोमध उंचावर बसायचं असतं, कारण तिथून खेळाची रचना दिसते. मुलाला रचनेचं काय? त्याला माणसं जवळून बघायची असतात. म्हणून मी गोलच्या बाजूला, कुंपणापासून थोडं मागे जागा धरतो. तिथून मैदानाची मापं खरी वाटू लागतात. गोलचे दोन खांब 7.32 मीटर अंतरावर असतात आणि वरचा दांडा 2.44 मीटर उंचीवर. घरच्या टीव्हीवर हा चौकोन हातभर दिसतो. इथे त्याच्यामध्ये उभा असलेला पोरगा फारच एकटा दिसतो. धाकटीने त्या दिवशी चेंडू फार कमी बघितला. ती गोलकीपरकडे बघत राहिली. खेळ पलीकडच्या टोकाला असला की तो खांबावर बुटाचा तळ दोनदा आपटून खिळ्यांमधली माती काढायचा, हातमोजे दातांनी घट्ट करायचा, फक्कीने आखलेल्या रेषेवर टाचेने छोटी खूण करायचा आणि मग पुढे येऊन बचावातल्या पोरांवर ओरडायचा. चेंडू नसतानाही हा माणूस सतत कामात असतो, हे तिचं तिने शोधून काढलं. मैदानावरच्या आवाजाचाही तिला नवा शोध लागला. चेंडूला बूट लागल्याचा ठप्प आवाज, नडगीवर नडगी आदळल्याचा कोरडा आवाज, लाइन्समनच्या धापा. टीव्हीच्या समालोचनाखाली हे सगळं दबून जातं.

आम्ही बसलो होतो तिथे पुढच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते. डोक्याला पांढरी टोपी, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. मागे वळून त्यांनी धाकटीला बघितलं आणि सरकून जागा केली. "पोरीला हिकडं पुढं बसवा की, तिथनं काय दिसतंय तिला?" मग पूर्ण वेळ ते तिला सांगत राहिले: हा आमच्या शेजारचा, ह्याचा बाप पण खेळायचा, त्या नंबर चारच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण ऐकत नाही गडी. तिने मध्येच विचारलं, "आजोबा, तुम्ही कुणाकडून?" त्यांनी छातीवर हात ठेवून तालमीचं नाव सांगितलं. नियम समजावण्यापेक्षा अशी शेजारची माणसं मिळणं महत्त्वाचं. नियमांचं म्हणाल तर जाण्याआधी तीनच गोष्टी सांगाव्यात: अकरा-अकरा खेळतात, गोलकीपर सोडून कुणी हात लावायचा नाही, पिवळं कार्ड म्हणजे ताकीद आणि लाल म्हणजे बाहेर. ऑफसाइड सांगू नये. ती विचारेल तेव्हा सांगता येईल, आणि ती विचारतेच.

आता शिव्यांचं. गॅलरीत शिव्या पडतात, आणि खच्चून पडतात. इतक्या जुन्या आणि देखण्या परंपरेला हे गालबोट आहे, असं मला वाटतं. त्याहून वाईट म्हणजे समर्थकांच्या हाणामाऱ्या. दगडफेक आणि हुल्लडबाजीमुळे सामने मध्येच थांबवावे लागल्याचे प्रसंग या शहराने पाहिलेत, पोलिसांचा बंदोबस्त हा सामन्याचा भागच झालाय. मूल सोबत असेल तर काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. दोन संघांच्या समर्थकांच्या मधल्या सीमेवर बसू नये. कुठल्याही एका बाजूचा रंग मुलाच्या अंगावर चढवू नये. बाहेर पडायचं दार आधी बघून ठेवावं, मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि सामना फारच तापला तर शेवटची पाच-सात मिनिटं सोडून निघावं. मुलाने शिवीचा अर्थ विचारला तर टाळू नये. "माणसं रागावली की असं बोलतात, आपण बोलत नाही," एवढं पुरतं. हे सगळं सांगूनही मी म्हणतो की मुलाला तिथे न्यावं. बहुतेक दिवशी तिथे हजारो माणसं भांडण न करता तळमळीने ओरडतात. मुलांना घेऊन येणारी कुटुंबं गॅलरीत वाढली, तर तिथली भाषाही बदलेल. मुलींना तर आवर्जून न्यावं. 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला, स्पेनने कोलंबियाला 1-0 असं हरवलं. आपल्याकडच्या मुलींनाही हा खेळ आपला वाटायचा असेल तर त्या आधी गॅलरीत दिसायला हव्यात.

त्या दिवशी एका खेळाडूने पेनल्टी बाहेर मारली. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि चेहरा झाकून रडू लागला. धाकटीने मला हळूच विचारलं, "घरी गेल्यावर त्याला रागावतील का?" उत्तर पुढच्या आजोबांनीच दिलं. "रागावतील की. आणि मग जेवायला वाढतील."

मुक्काम करावा तो रविवारच्या सकाळसाठी. मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा यांची शिफारस करायची गरज नाही, कोल्हापूर ते काम स्वतःच करतं. सकाळी लवकर उठून मुलाला शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर न्यावं. तिथे पोरं चेंडू घेऊन आलेली असतात, आणि पाहुण्या पोराला खेळायला घ्यायला त्यांना वेळ लागत नाही. मग गंगावेश तालमीत डोकवावं, मातीत घाम गाळणारे पैलवान बघावेत. कालच्या मैदानावरच्या ताकदीची मुळं तिथे दिसतात. वाटेत अर्धा शिवाजी पुतळा, मंगळवार पेठ, तालमींच्या पाट्या आणि विश्वचषकाच्या वर्षी गल्लीगल्लीत लागणारे अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे. याच शहराचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवायचे. भारताने तेव्हा दिल्लीत तिन्ही सामने गमावले, पण कोल्हापूरच्या पोरांना कळलं की पेठेतून निघालेली वाट तिथपर्यंत जाते. मुलांना ही गोष्ट कोल्हापुरातच सांगावी, रस्त्याने चालता चालता.

परतताना मूल चेंडू मागणारच. मोठ्यांचा 5 नंबरचा घेऊ नका. त्याचं वजन 410 ते 450 ग्रॅम असतं, लहान पायाला तो दुखवतो आणि मूल घाबरून चेंडूपासून पाय मागे घ्यायला शिकतं. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला 3 नंबरचा, त्यापुढे बारापर्यंत 4 नंबरचा घ्यावा. बूट लगेच नकोत, साध्या कॅनव्हासच्या बुटांनी वर्षभर भागतं.

हा अंक हाती पडेल तेव्हा तालमींमध्ये सराव सुरू झाला असेल. लीगचे पहिले सामने साधारण डिसेंबरच्या आसपास येतात, ऊन तेव्हा सुसह्य असतं आणि गर्दीही उन्हाळ्यातल्या चषकांइतकी नसते. शाळांच्या नाताळच्या सुटीला जोडून येणारा शनिवार-रविवार सर्वांत सोयीचा. महालक्ष्मीची तिकिटं मात्र त्या दिवसांत लवकर संपतात, ती आताच काढून ठेवा.