विश्लेषण : लोखंडाचा रस अडवणारी कार्बनची वीट कशी निवडतात?

सप्टेंबर २०२४ मध्ये ओडिशातील कलिंगनगर येथे टाटा स्टीलने ५,८७० घनमीटर आकारमानाची झोतभट्टी, म्हणजेच ब्लास्ट फर्नेस, सुरू केली. ती देशातील सर्वांत मोठी ठरली. रायगडमधील डोलवी, भिलाई, विशाखापट्टणम येथील भट्ट्या याच जातकुळीच्या. अशा भट्टीच्या तळाशी सुमारे १,५०० अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस अहोरात्र साचत असतो. बाहेरच्या पोलादी कवचापर्यंत त्याला पोहोचू न देण्याचे काम प्रामुख्याने कार्बनच्या विटा करतात. कोळशाच्या कुळातली, तापलेल्या अवस्थेत हवा लागली तर जळून जाणारी ही वस्तू. एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही. निवड चुकली तर रस कवच फोडून बाहेर येऊ शकतो आणि तिथेच कामगार उभे असतात.

कार्बनच का?

कार्बन साध्या दाबाखाली वितळतच नाही. साडेतीन हजार अंशांच्या पुढे त्याची थेट वाफ होते. मळी, म्हणजे स्लॅग, त्याला सहजी चिकटत नाही. पण ही कारणे दुय्यम म्हणावीत. खरे कारण ऐकायला उलटे वाटते. ही वीट उष्णता अडवत नाही, ती वेगाने बाहेर नेते.

कागदाच्या पेल्यात पाणी घालून ते मेणबत्तीवर तापवण्याचा प्रयोग अनेकांनी शाळेत पाहिला असेल. पाणी तापते, कागद जळत नाही, कारण कागदाला मिळालेली उष्णता पाणी लगेच काढून घेते. भट्टीच्या तळाशी हेच तत्त्व चालते. कवचाला बाहेरून पाण्याने गार ठेवलेले असते आणि विटेतून उष्णता त्या पाण्याकडे धावते. कार्बनने भरलेले लोखंड सुमारे १,१५० अंशांना गोठते. विटेचा आतला पृष्ठभाग त्याखाली राहिला, तर रसाचाच एक थर तिच्यावर गोठून बसतो. मग रस विटेला नव्हे, या गोठलेल्या थराला घासत राहतो. वीट थोडी झिजली, तर पातळ झाल्यामुळे ती आणखी वेगाने उष्णता नेते आणि थर पुन्हा धरतो. साध्या फायरब्रिकला हे जमत नाही, कारण तिची उष्णता वाहण्याची क्षमता कार्बन विटेच्या काही पटींनी कमी असते.

मग सर्वाधिक उष्णता वाहणारी वीट घ्यावी का?

तसे असते तर सगळीकडे ग्रॅफाइटच लावले असते. ग्रॅफाइट उष्णता वाहण्यात साध्या कार्बन विटेच्या कितीतरी पुढे आहे. पण ते मऊ असते आणि कार्बनचा भुकेला रस त्याला विरघळवतो. म्हणून ते सहसा रसाच्या थेट संपर्कात न ठेवता तळाच्या खालच्या थरांत किंवा कवचाच्या बाजूला घालतात. रसासमोर येते ती अँथ्रासाइट कोळसा उच्च तापमानाला भाजून, डांबराच्या पिचमध्ये मळून, पुन्हा भाजलेली वीट. तिच्यात सिलिकॉन घातले की भाजताना छिद्रांमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक तंतू वाढतात आणि छिद्रांचा आकार एक मायक्रॉनच्या आत येतो. या ‘मायक्रोपोअर’ विटेत रस शिरत नाही. ती महाग असते, पण तळाच्या भिंतीसाठी तिच्यावर काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

यात दोन घराणी आहेत. एक मोठमोठे कार्बन ब्लॉक रचून आतून सिरॅमिकची वाटी बसवते. रस कार्बनला लागायलाच उशीर व्हावा, हा हेतू. दुसरे दाब आणि विजेच्या साहाय्याने एकाच वेळी घडवलेल्या लहान विटा वापरते आणि गोठलेल्या थरावरच भिस्त ठेवते. मोठ्या ब्लॉकची गरम बाजू जास्त फुगते आणि थंड बाजू कमी, त्यामुळे तो चिरू शकतो. लहान विटांमध्ये ही ओढाताण सांध्यांत जिरते. उलट, सिरॅमिकची वाटी सुरुवातीच्या वर्षांत उष्णता वाचवते. दोन्ही पद्धतींनी भट्ट्या दीर्घकाळ चालल्या आहेत.

विटेला खाते काय?

खनिज आणि कोकमधून येणारे पोटॅशियम, सोडियम व जस्त यांची वाफ छिद्रांतून शिरते, आत फुगते आणि विटेच्या मधोमध भुसभुशीत थर तयार होतो. तिथून पुढे उष्णता जात नाही आणि तिच्या आतली बाजू झपाट्याने संपते. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात, रसाच्या प्रवाहामुळे, हत्तीच्या पायासारखी झीज होते.

दुसरा शत्रू पाणी. गळती झाली तर वाफ तापलेल्या कार्बनला अक्षरशः खाऊन टाकते. आणि पाणी थेट रसात मिसळले तर काय होते, ते ८ नोव्हेंबर २००१ रोजी वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथे दिसले. तेव्हा कोरसच्या मालकीच्या असलेल्या या कारखान्यात शीतकरणाचे पाणी पाच क्रमांकाच्या भट्टीत शिरले. स्फोटाने सुमारे ५,००० टनांची भट्टी पाऊण मीटर वर उचलली गेली आणि तिघांचा मृत्यू झाला. तिथे दोष विटेचा नव्हता. पण वीट आणि पाणी ही एकच यंत्रणा आहे, हे त्यातून लक्षात येते.

कागदपत्रांत काय तपासावे?

उष्णतावहनाचा आकडा कोणत्या तापमानाचा आहे, हे आधी. तापमान वाढते तसे ग्रॅफाइटचे वहन घटते, तर साध्या कार्बनचे बहुधा वाढते. त्यामुळे एका पुरवठादाराचा खोलीच्या तापमानाचा आकडा आणि दुसऱ्याचा भट्टीच्या तापमानाचा आकडा शेजारी मांडून तुलना करण्यात अर्थ नाही. अल्कलीच्या माऱ्याखाली वीट तडकते का, याची प्रमाणित चाचणी आहे. तिचा अहवाल मागावा. छिद्रांची टक्केवारी पुरेशी नाही, त्यांचा आकार पाहावा. निविदेत मात्र बहुतेकदा भाव आणि दाबाखालची ताकद हेच दोन रकाने ठळक असतात. ताकद महत्त्वाची आहेच, पण तळाचे आयुष्य तिच्यावर ठरत नाही.

आणि सांधे. वीट व कवच यांच्यामध्ये कुटून भरलेला कार्बनचा थर आक्रसला आणि काही मिलिमीटरची फट पडली, तर त्या फटीतला वायू मीटरभर विटेइतका अडथळा निर्माण करू शकतो. मग उत्तम वीटही तापत राहते. म्हणून विटा कारखान्यातच क्रमाने रचून, सांधे मोजून, क्रमांक घालून पाठवल्या जातात.

लहान कारखान्यांना ही वीट लागते का?

कोल्हापूरच्या फाऊंड्रीवाल्यांनी या विटेच्या मोहात पडू नये. इंडक्शन भट्टीत कार्बनची वीट चालत नाही, कारण ती वीजवाहक असल्याने स्वतःच तापते; तिथे सिलिकाचे रॅमिंग मासच योग्य. जिथे ऑक्सिजनचा झोत आहे, अशा पोलादाच्या कन्व्हर्टरमध्ये मॅग्नेशिया आणि कार्बनची मिश्र वीट लागते. निव्वळ कार्बनची जागा हवाबंद, कार्बनयुक्त वातावरणात : झोतभट्टीचा तळ, फेरोमँगनीजची विद्युत भट्टी, ॲल्युमिनियमच्या सेलचा तळ.

झीज बाहेरून कशी कळते?

विटेत निरनिराळ्या खोलीवर थर्मोकपल पुरलेले असतात. दोघांच्या तापमानातील फरकावरून किती जाडी उरली, याचा हिशेब करतात. आकडे चढू लागले तर उत्पादन कमी करतात किंवा भट्टीत टायटॅनियमयुक्त खनिज टाकतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची वाळू काळी दिसते ती ज्यामुळे, ते इल्मेनाइट त्यांपैकीच एक. टायटॅनियमची संयुगे झिजलेल्या जागी जाऊन बसतात. त्याने वेळ मिळतो, वीट परत येत नाही. शेवटी भट्टी थांबवून तळालगत भोक पाडतात आणि साचलेले लोखंड काढून टाकतात. मग आत उतरून उरलेल्या विटेची जाडी ठिकठिकाणी मोजली जाते आणि पुढच्या मागणीपत्रात कुठे कोणती वीट लिहायची, हे त्या मोजमापांवरून ठरते.