निसर्गफेरी : बोरिवलीच्या अरण्यातून

निसर्गनिरीक्षणासाठी मुलांना दूरच्या अरण्यात न्यावे लागते, अशी समजूत अनेक शाळांत आढळते. त्यामुळे वर्षातून एखादी खर्चाची सहल निघते, किंवा निघतच नाही. मुंबई व ठाणे येथील शाळांना तरी ही अडचण भासण्याचे कारण नाही. लोकवस्तीला अगदी लागून, सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तेथे पसरलेले आहे. बोरिवली स्थानकापासून त्याच्या मुख्य द्वाराशी पायी जाता येते. सोमवारी मात्र उद्यान बंद असते.

एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे अरण्य टिकले कसे, हा प्रश्न निघण्यापूर्वी वर्गातच विचारावा. त्याचे उत्तर पाण्यात आहे. मुंबईस पाणी पुरविण्यासाठी येथील डोंगरांत १८६० साली विहार व १८७९ साली तुळशी हे तलाव पुरे झाले. तलावांत उतरणारे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे डोंगरउतार राखले गेले आणि त्यांच्या आश्रयाने रान वाचले. पाण्याचा हा धागा हाती धरला म्हणजे फेरीला आपोआप अर्थ येतो. झाडांची नावे वहीत उतरवून घेण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याने मुले कंटाळतात आणि झाडाकडे पाहावयाचे राहूनच जाते.

फेरीसाठी माघ-फाल्गुनातील सकाळ उत्तम. द्वारापासून कान्हेरीकडे जाणारा रस्ता रुंद व सोपा आहे. त्यावर किलोमीटर-दीड किलोमीटर सावकाश चालून परत फिरणे लहान वर्गांना पुरेसे होते. या दिवसांत बरीच झाडे निष्पर्ण असतात व रान मेले असे मुलांस वाटते. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून झाडाचे पाणी सतत बाहेर जात असते. जमिनीतील ओल आटू लागली की पाने टाकून झाड उरलेले पाणी राखते, हे तेथेच उभे राहून समजावून द्यावे. पळस, पांगारा आणि काटेसावर नेमके याच सुमारास, पानांवाचून, फुलतात. काटेसावरीच्या मांसल तांबड्या फुलांतील मधासाठी मैना, बुलबुल व कोतवाल यांची झुंबड उडते. दहा मिनिटे निमूटपणे बसून कोणता पक्षी किती वेळा आला हे मोजण्याचे काम मुलांना द्यावे. हा गणिताचाही पाठ होतो. कांडोळाचे पांढरेफटक खोड तर लांबूनच ओळखू येते.

पाचोळ्यापाशी मात्र घाई करू नये. सागाचे वाळके पान उचलून उजेडाकडे धरावे. अळ्यांनी मधला मऊ भाग खाऊन शिरांची नाजूक जाळी मागे ठेवलेली पुष्कळ पानांत दिसते. नंतर शिक्षकांनी बरोबर आणलेले तांब्याभर पाणी पायवाटेच्या टणक जमिनीवर ओतावे व तितकेच पाचोळ्यावर ओतावे. पहिले वाहून जाते, दुसरे मुरते. पावसाळ्यात अरण्य हेच काम करते. दहिसर नदी याच डोंगरांत उगम पावते, आणि वस्तीत शिरण्यापूर्वीचे तिचे खडकाळ पात्र या परिसरात पाहावयास मिळते.

डोंगरउतारांवर दाटलेल्या कारवीकडेही लक्ष वेधावे. तिची मुळे माती धरून ठेवतात आणि तिच्या सरळ काठ्यांचे, मातीने लिंपलेले कूड आदिवासी पाड्यांतील घरांना असत. कारवी साधारणतः आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि बी धरून मरते. २०१६ साली ती येथे फुलली होती. बहराच्या वर्षी पहिलीत बसलेले मूल पुढचा बहर पाहील तेव्हा ते प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेले असेल. एवढे सांगितले की आठ वर्षे म्हणजे किती, हे मुलांना उमगते.

या अरण्यात बिबट्यांचा वावर आहे. मुलांना घाबरवू नये, पण सत्य लपवूही नये. सर्वांनी एकत्र चालावे, कोणी मागे रेंगाळू नये, झुडपांत शिरू नये व दिवस मावळण्यापूर्वी बरेच आधी बाहेर पडावे. खाऊचे कागद व उष्टे अन्न टाकू नये, या नियमाचे खरे कारणही सांगावे. उष्ट्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीच्या कडेला येतो. येथील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, असे अभ्यासकांना आढळले आहे. कारण कळलेला नियम मुले सहसा मोडत नाहीत. माकडांसमोर डबे उघडू नयेत, हे वेगळे सांगावयास नको.

वरच्या वर्गांना कान्हेरीपर्यंत न्यावे. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक बौद्ध लेणी तेथे आहेत. मूर्ती व स्तूप पाहून झाल्यावर लेण्यांच्या दाराशी कोरलेल्या पाण्याच्या टाक्या, ज्यांना पोढी म्हणतात, त्या अवश्य दाखवाव्यात. तलाव बांधले जाण्याच्या कित्येक शतके आधी भिक्षूंनी याच डोंगरावरचा पाऊस वर्षभरासाठी साठविला होता. खडकावरून वाहणारे पाणी कोणत्या उताराने व कोणत्या पन्हळीतून टाक्यात उतरत असेल, ते मुलांनी स्वतः शोधून बोटाने दाखवावे.